आधी खोलीचं तापमान

अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी दोन ते चार या वेळात सहसा कोणी कोणाचं दार वाजवत नाही. त्या दिवशी आमचं वाजलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनी होत्या. "सर, पोराचा कॉम्प्युटर दुपारीच काऊन बंद पडते हो? सकाळी त मस्त चालते." तोवर विंडोज दोनदा नव्याने टाकून झालं होतं, रॅम बदलून झाली होती, आणि कोणीतरी आता मदरबोर्डच गेला असं सांगून ठेवलं होतं. मी वर गेलो. कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या लाकडी कप्प्यात कॅबिनेट कोंबलेलं, मागे भिंत, वर भरतकामाचं कव्हर. झाकण उघडलं तर हीटसिंकच्या चार खुंट्यांपैकी एक मदरबोर्डच्या भोकात बसलेलीच नव्हती. त्या कोपऱ्यात हीटसिंक किंचित उचललेला होता आणि खाली पेस्ट वाळून तिची खपली झाली होती. सकाळी खोलीत अठ्ठावीस अंश असताना यंत्र कसंबसं तग धरायचं. दुपारी खोली चाळिशीच्या पुढे गेली की स्वतःचा जीव वाचवण्यासाठी ते बंद व्हायचं. खुंटी दाबून बसवली, पेस्ट बदलली, कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढून ठेवलं. त्यानंतर दुपारचं बंद पडणं थांबलं.

त्या मुलाने, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता तो, लगेच पुढचा प्रश्न विचारला: "सर, मग आता याचा वेग वाढवता येते का?" यंत्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंड हँड घेतलेलं होतं. आत इंटेलचा कोअर आय-५ २५००के होता आणि बोर्डही प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक बदलू देणारा होता. वेग वाढवता येत होता. मी त्याला एक वही दिली आणि म्हटलं, महिनाभर फक्त तापमान लिही. खोलीचं आणि प्रोसेसरचं, दिवसातून तीनदा. तो हिरमुसला. पण महिन्याने तो वही घेऊन आला तेव्हा त्याचा प्रश्न बदलला होता, आणि या पुस्तिकेचा क्रम मला त्या वहीने दिला. वेग वाढवण्याची प्रकरणं इथे उत्तरार्धात आहेत. पूर्वार्ध सगळा उष्णतेचा आहे. वाचकाने तो ओलांडून पुढे जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारण ओव्हरक्लॉकिंग हे वेगाचं काम दिसतं, पण घरी बसून करताना त्यातला जवळजवळ सगळा हिशोब उष्णतेचाच असतो, आणि त्या हिशोबाची पहिली ओळ खोलीचं तापमान ही असते.

प्रोसेसर का तापतो, याचं उत्तर फार अवघड नाही. आत कोट्यवधी ट्रान्झिस्टर आहेत. प्रत्येक ट्रान्झिस्टर आणि त्याला जोडलेली बारीक तार मिळून विजेचा एक चिमुकला साठा होतो. घड्याळाचा ठोका पडतो, साठा भरतो. पुन्हा ठोका पडतो, रिकामा होतो. भरताना आणि रिकामा होताना वापरलेली वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. तिला दुसरी वाट नाही. ३.३ गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला ३३० कोटी ठोके. शिवाय ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून थोडी वीज गळत राहते, आणि ही गळती तापमानाबरोबर वाढते. जास्त तापलं की जास्त गळतं, जास्त गळलं की आणखी तापतं. म्हणून चांगला कूलर बसवला की प्रोसेसर थंड राहतो एवढंच नाही, तेच काम तो थोड्या कमी विजेत करतो.

किती उष्णता आणि केवढ्या जागेत, हे डोळ्यांसमोर आणायला मी मुलांना घरातली इस्त्री दाखवतो. साधी इस्त्री हजार वॉटची. तिचा तळ साधारण दोनशे चौरस सेंटिमीटर धरला तर चौरस सेंटिमीटरमागे पाच वॉट येतात. त्या २५००के प्रोसेसरमधला सिलिकॉनचा तुकडा २१६ चौरस मिलिमीटरचा आहे, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा, आणि त्याची ठरवून दिलेली उष्णता ९५ वॉट. चौरस सेंटिमीटरमागे चव्वेचाळीस वॉट. इस्त्रीच्या जवळपास नऊपट. इस्त्री कपडा जाळते आणि हा तुकडा हाताला लागतही नाही, कारण त्याच्या डोक्यावर धातूचा मोठा पसारा बसून उष्णता सतत उचलून नेत असतो. इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी २००१ साली एका परिषदेत इशारा दिला होता, की चिप्स याच चालीने तापत राहिल्या तर चौरस सेंटिमीटरचा हिशोब अणुभट्टी, रॉकेटचं नोझल आणि पुढे सूर्याच्या पृष्ठभागाशी करावा लागेल. तसं झालं नाही, कारण कंपन्यांना वेगाची शर्यतच सोडावी लागली. तीन वर्षांनी, २००४ मध्ये, इंटेलने ४ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम ४ चा बेत रद्द केला आणि पुढची दिशा एकाऐवजी अनेक कोअरची झाली. आपल्या टेबलावरच्या यंत्रात चार, सहा, आठ कोअर का आहेत, याचं मोठं कारण उष्णता आहे.

आता या पुस्तिकेतलं एकमेव सूत्र. उष्णता ही ठोक्यांच्या संख्येच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. मला विचाराल तर नवशिक्याने दुसरं काही पाठ केलं नाही तरी चालेल, हे करावं. नुसता वेग वाढवला तर फारसं बिघडत नाही. पण वेग एका हद्दीपलीकडे गेला की ट्रान्झिस्टरला वेळेत भरायला-रिकामं व्हायला जमत नाही, आणि त्याला रेटायला व्होल्टेज वाढवावं लागतं. किंमत तिथे मोजावी लागते. समजा ३.३ गिगाहर्ट्‌झला १.२ व्होल्ट लागत होते आणि ४.५ गिगाहर्ट्‌झला १.३५ लागले. वेग ३६ टक्क्यांनी वाढला. व्होल्टेज साडेबारा टक्क्यांनीच वाढलं, पण त्याचा वर्ग २७ टक्क्यांनी वाढला. दोन्हींचा गुणाकार केला तर उष्णता ७३ टक्क्यांनी वाढते. ९५ वॉटचे १६४ वॉट होतात.

हे १६४ वॉट कुठे जाणार? सिलिकॉनमधून वरच्या धातूच्या झाकणात, झाकणातून पेस्टमधून हीटसिंकच्या तळात, तिथून तांब्याच्या नळ्यांमधून पात्यांमध्ये आणि पात्यांमधून हवेत. त्या नळ्या भरीव नसतात. आत थोडंसं पाणी बंद केलेलं असतं. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ते नळीच्या आतल्या जाळीदार अस्तरातून झिरपत परत येतं. विजेवाचून, हलत्या भागावाचून. मला हे यंत्रातलं सर्वांत देखणं काम वाटतं. पेस्टचं काम याहून साधं, पण गैरसमज तिच्याबद्दलच जास्त. झाकण आणि हीटसिंक दोन्ही गुळगुळीत दिसतात, पण भिंगाखाली दोन्हींवर ओरखडे आणि खड्डे असतात. त्यांत हवा अडकते, आणि हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. तांब्याच्या तुलनेत हजारो पटींनी वाईट. पेस्ट हवेला त्या खड्ड्यांतून हुसकावते. ती स्वतः तांब्याइतकी चांगली नाहीच. म्हणून खड्डे भरतील एवढीच हवी, वाटाण्याएवढी. पोळीला तूप लावल्यासारखी थापायची नाही. नव्या कूलरच्या तळाला चिकटवलेली पारदर्शक प्लास्टिकची चकती काढायला विसरलेली माणसं मी स्वतः पाहिली आहेत, त्यांत अनुभवी माणसंही होती.

या सगळ्या वाटेचा मिळून एक आकडा काढता येतो: दर वॉटमागे प्रोसेसर भोवतालच्या हवेपेक्षा किती अंश वर जातो. समजा प्रोसेसरबरोबर आलेल्या साध्या कूलरने हा आकडा ०.४ मिळतो. ९५ वॉटला ३८ अंश. जानेवारीत अकोल्यातल्या खोलीत २० अंश असतील तर प्रोसेसर ५८ वर, मे महिन्यात खोलीत ४० असतील तर ७८ वर. दोन्ही ठीक. आता वेग वाढवलेले १६४ वॉट घ्या. ते खोलीच्या वर ६६ अंश चढतात. जानेवारीत ८६, जास्तच, पण यंत्र चालतं. मे महिन्यात १०६. त्या प्रोसेसरची मर्यादा ९८ अंशांची आहे. म्हणजे संक्रांतीला केलेलं आणि चोवीस तास तपासून 'पक्कं' म्हटलेलं ओव्हरक्लॉक अक्षय्य तृतीयेला टिकत नाही, आणि मधल्या काळात यंत्रात काहीही बिघडलेलं नसतं. थंड देशांत बसून दिलेले सल्ले वाचून आपल्याकडे हात पोळतात ते यामुळे. तिथे कोणी प्रामाणिकपणे सांगतो की माझा प्रोसेसर ७० वर राहतो. त्याची खोली २१ अंशांवर आहे, हे तो सांगत नाही, कारण त्याला ते सांगण्याजोगं वाटतच नाही.

म्हणून वहीत दोन रकाने. फरकाचा रकाना तिसरा, आणि खरा तोच. प्रोसेसर वजा खोली. हा फरक त्याच कामाला, त्याच पंख्याला वर्षभर साधारण सारखा राहायला हवा. तो हळूहळू वाढत असेल तर धूळ साचते आहे किंवा पेस्ट वाळते आहे. एकदम वाढला तर खुंटी निसटली आहे किंवा पंखा अडकला आहे. फरक तोच आणि प्रोसेसरचा आकडा वर, म्हणजे नुसता उन्हाळा आला. नुसता आकडा पाहणाऱ्याला हे तिन्ही एकसारखेच दिसतात. साधा भिंतीवरचा तापमापक कॅबिनेटच्या तोंडाशी, जिथून हवा आत जाते तिथे ठेवला की पुरतं. वरच्या मजल्यावरच्या त्या टेबलाच्या लाकडी कप्प्यात आम्ही तो ठेवून पाहिला तेव्हा खोली आणि कप्पा यांत ११ अंशांचा फरक निघाला. बाहेर टाकलेली गरम हवाच पुन्हा आत ओढली जात होती. आपल्याकडे कॉम्प्युटर टेबल बनवणाऱ्यांनी तो बंद कप्पा कायमचा सोडून द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

आकडा कुठून येतो तेही समजून घ्यायला हवं. आजच्या प्रोसेसरमध्ये सिलिकॉनवरच संवेदक असतात. इंटेलच्या कोअर मालिकेत तर प्रत्येक कोअरला स्वतंत्र असतो आणि तो तापमान थेट सांगत नाही. मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत ते सांगतो. सॉफ्टवेअर ते मर्यादेतून वजा करून आपल्याला दाखवतं. हे संवेदक मर्यादेजवळ विश्वासार्ह असावेत असे बनवलेले असतात, कारण त्यांचं काम वाचवणं आहे. खालच्या टोकाला ते चुकतात. म्हणून खोलीत २४ अंश असताना एखादा कोअर २१ दाखवत असेल तर चमत्कार झाला असं समजू नये. हवेने किंवा नळ्यांतून फिरणाऱ्या पाण्याने थंड होणारा प्रोसेसर हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. एएमडीने २०१७ मध्ये रायझन आणले तेव्हा १७००एक्स आणि १८००एक्स या दोन प्रोसेसरांच्या आकड्यात २० अंश मुद्दाम मिळवलेले होते, पंख्यांचं वागणं सगळीकडे सारखं राहावं म्हणून. पहिल्या दिवसांत अनेकांनी ते खरं मानून कूलर बदलले असतील. कोअर टेम्प, एचडब्ल्यूइन्फो यांसारखी मोफत साधनं आज ही वजाबाकी करून देतात. तरी कोणता आकडा कशाचा, हे पहिल्याच दिवशी ओळखून घ्यावं. मदरबोर्डवरच्या संवेदकाचा आकडा वेगळा असतो आणि तो कमी दिसतो म्हणून लोकांना आवडतो.

'किती तापमान चालतं?' हा मला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. एका आकड्यात उत्तर देता येत नाही. रायझन ७००० मालिका २०२२ मध्ये आली तेव्हा एएमडीने स्पष्टच सांगितलं की पूर्ण भारावर ९५ अंश हे तिचं नेहमीचं वागणं आहे. तो प्रोसेसर ९५ गाठेपर्यंत वेग वाढवतो आणि तिथे स्वतःला धरून ठेवतो. इंटेलच्या बऱ्याच अलीकडच्या प्रोसेसरांची मर्यादा १०० आहे. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर वीज तोडतो. ही सोय पूर्वी सगळीकडे नव्हती. २००१ च्या सुमाराला हीटसिंक निखळला तर काही प्रोसेसर काही सेकंदांत जळून जात. आज घरातला प्रोसेसर नुसत्या उष्णतेने जळणं जवळजवळ अशक्य आहे. तरीही जुन्या यंत्रावर, स्वतः व्होल्टेज वाढवलेलं असताना, मी पूर्ण भाराला ८० च्या वर राहायला तयार नसतो, आणि तेही मे महिन्याच्या दुपारी मोजून.

कारण जळणं हा एकच धोका नाही. अतिशय बारीक तारांतून जोरात वीज वाहत राहिली की तिच्या रेट्याने धातूचे अणू जागेवरून सरकू लागतात. तार कुठे रोडावते, कुठे फुगते, वर्षांनी तुटते. मोटोरोलाच्या जेम्स ब्लॅक यांनी १९६९ च्या सुमाराला याचं गणित मांडलं, आणि त्यात तापमान घातांकात बसतं. थोडं तापमान वाढलं की आयुष्य बरंच घटतं. व्होल्टेजचा घाव याहून वेगळा आणि कधी फार लवकर बसणारा. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं २०२४ मध्ये जे झालं ते या बाबतीतलं ताजं उदाहरण आहे. ती यंत्रं अडखळू लागली होती, बंद पडत होती. कंपनीने कारण दिलं ते प्रोसेसरने गरजेपेक्षा जास्त मागितलेल्या व्होल्टेजचं. ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड आला, हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवण्यात आली, पण ज्या प्रोसेसरांना इजा झाली होती ते सॉफ्टवेअरने बरे होणार नव्हते. त्यांच्या मालकांपैकी अनेकांनी कधी ओव्हरक्लॉक केलेलंही नसेल. माझ्या स्वतःच्या एका जुन्या बोर्डवर मी गुणक वाढवला आणि व्होल्टेज 'ऑटो'वर ठेवलं. बोर्डाने मला न विचारता १.४५ व्होल्ट दिले. यंत्र सुरळीत चाललं, म्हणून दोन महिने मला कळलंही नाही. तापमानाच्या वहीतला फरकाचा रकाना फुगला तेव्हा लक्षात आलं. 'ऑटो' हा शब्द दिसला की हाताने आकडा लिहावा, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो.

या छंदाला एक सोन्याचा काळ होता. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला, ३०० मेगाहर्ट्‌झचा स्वस्त प्रोसेसर. बोर्डाचा मूळ ठोका ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्‌झ केला की साडेचारच्या गुणकाने तो ४५० वर चालायचा, आणि बहुतेक प्रती चालायच्या. त्याच वर्षीच्या महागड्या पेंटियम २ ची बरोबरी काही बटणांत. पुढे एएमडीच्या प्रोसेसरांवरचे सोनेरी तुटके पूल शिसपेन्सिलीने जोडून गुणक मोकळा करायची युक्ती निघाली. ग्राफाइट वीज वाहतं एवढंच त्यामागचं शास्त्र. २०११ चा २५००के हा त्या परंपरेतला शेवटचा मोठा मानकरी, असं माझं मत आहे. ३.३ वरून ४.५ पर्यंत तो चांगल्या कूलरवर सहज जायचा. एवढी जागा का असायची? सिलिकॉनच्या एकाच तबकडीतून कापलेले तुकडे सारखे नसतात. कंपनी सगळ्यांत कच्च्या तुकड्याला, सगळ्यांत गरम कॅबिनेटमध्ये, काही वर्षं पेलेल असा वेग छापते. उरलेली मोकळीक ज्याच्या त्याच्या नशिबाची.

आता ती मोकळीक कंपन्याच वापरतात. टर्बो बूस्ट २००८ मध्ये आलं. तेव्हापासून प्रोसेसर स्वतःचं तापमान आणि वीज पाहून स्वतःच वेग वाढवतो, आणि दर पिढीगणिक तो यात तरबेज होत गेला. नव्या प्रोसेसरवर हाताने मिळणारी वाढ बहुधा चार-पाच टक्क्यांत संपते आणि उष्णता पुष्कळ वाढते. कोणी नवं यंत्र घेऊन माझ्याकडे आला तर मी त्याला उलटी वाट दाखवतो: व्होल्टेज थोडं कमी कर. १.२ चे १.१ झाले आणि यंत्र तरीही स्थिर राहिलं तर त्याच वेगाची उष्णता १६ टक्क्यांनी उतरते. मग टर्बोला वर जायला जागा मिळते. थंड केल्याने वेग वाढतो, ही आजच्या यंत्रांची रीत आहे, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांसाठी मला तीच सर्वांत शहाणी वाटते. द्रवरूप नायट्रोजन ओतून ८-९ गिगाहर्ट्‌झचे विक्रम करणारे लोक आहेत, मला त्यांच्याविषयी आदर आहे. पण उणे १९६ अंशांचा तो खेळ वेगळा, घरचा नव्हे.

खरेदी करताना एकच गोष्ट तपासावी, गुणक मोकळा आहे की नाही. इंटेलचा प्रोसेसर नावात 'के' असलेला आणि बोर्ड त्याला साथ देणाऱ्या चिपसेटचा, सहसा झेड मालिकेतला, हवा. ऑफिसांतून निघालेली सेकंड हँड यंत्रं स्वस्त मिळतात पण त्यांचे गुणक बहुतेक कुलूपबंद असतात. एएमडीचे जवळपास सगळे रायझन मोकळे आहेत, मात्र ए३२० सारख्या खालच्या चिपसेटवर ही सोय नाही.

पद्धतीची प्रकरणं पुढे सविस्तर आहेत, त्यामुळे इथे थोडक्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गुणक एकाने वाढवायचा म्हणजे १०० मेगाहर्ट्‌झ. मूळ ठोक्याला २५००केच्या पिढीत हात लावायचा नाही, कारण बोर्डवरच्या इतर जोडण्याही त्याच ठोक्यावर चालतात. सुरू करायचं, तपासायचं, लिहायचं. यंत्र सुरूच झालं नाही तर घाबरायचं नाही. वीज काढून बोर्डवरची बटणाच्या आकाराची बॅटरी थोडा वेळ काढून ठेवली की बायोस मूळपदावर येतो. एसएमपीएस मात्र भरवशाचा हवा. नावापुरता '५००' छापलेला हलका डबा वेग वाढवलेल्या यंत्राला देणं मला मान्य नाही.

एका गोष्टीवर मात्र मी इथेच थांबणार आहे. अस्थिर यंत्र बंद पडतं, निळा पडदा दाखवतं, हे बरं. वाईट ते, जे बंद पडत नाही आणि गणित चुकवतं. एखाद्या ट्रान्झिस्टरला वेळेत बदलायला जमलं नाही, एका बिटाचा शून्य झाला, आणि तो एखाद्या फाइलमध्ये जाऊन बसला. कोणाचा प्रबंध, कोणाच्या दुकानाची जमाखर्चाची वही, कोणाच्या लग्नाचे फोटो. उघडायला जाऊ तेव्हा कळतं. म्हणून तपासणीसाठी प्राइम९५. हा प्रोग्रॅम जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधायला लिहिला. तो आपली उत्तरं ठाऊक असलेल्या उत्तरांशी ताडून पाहतो, आणि एक चूक झाली तरी त्या कोअरचं काम थांबवून सांगतो. नुसता खेळ दोन तास चालला म्हणजे यंत्र स्थिर, हा निकष मी मानत नाही. ज्या यंत्रावर घरातल्यांचं काम आहे त्यावर आधी सगळ्याची वेगळी प्रत काढून ठेवावी आणि मगच बायोस उघडावा. हे न करणाऱ्याला मी शिकवत नाही.

राहिली आपली हवा. कोरड्या प्रदेशात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली आठ-दहा अंशांनी उतरवतो, आणि तो फायदा प्रोसेसरला अंशाला अंश मिळतो. खोली थंड करणं हजारो रुपयांच्या हीटसिंकला जमत नाही, ते खिडकीतला कूलर करतो. पण त्याचा झोत कॅबिनेटवर थेट घेऊ नये. आमच्याकडच्या पाण्यात क्षार आहेत, ते थेंबांबरोबर आत जातात आणि धुळीचा लेप बनवतात. कोकणात आणि गोव्यात कूलर चालत नाही, हवेत आधीच दमटपणा आहे. तिथे चिंता खाऱ्या हवेची, गंजणाऱ्या स्क्रूंची आणि पावसाळ्यात महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या यंत्राची. धूळ सगळीकडे. आपण दिवाळीत घर झाडतो तेव्हा कॅबिनेट झाडतो, पण खरी वेळ होळीच्या आधीची आहे, ऊन चढण्यापूर्वीची. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, मोकळं भिरभिरू देऊ नये.

त्या मुलाने पहिल्या उन्हाळ्यात वेग वाढवला नाही. दिवाळीत प्रोसेसरसाठी मोठा कूलर घेतला, ज्याचा आकडा आमच्या मोजणीत ०.२५ च्या आसपास आला, आणि मग गुणक एकेकाने चढवत गेला. ४.४ वर थांबला, १.३ व्होल्टवर. बायोसमध्ये त्याने दोन नोंदी साठवल्या आहेत, एक हिवाळी आणि एक उन्हाळी, आणि कॅबिनेटच्या झाकणाच्या आतून दोन्हींचे आकडे चिकटवले आहेत. वही आता तिसरी चालू आहे.

आज दुपारी खोलीत ३९ अंश आहेत, कॅबिनेटच्या तोंडाशी ४०. वरून निरोप आला आहे: "सर, उन्हाळी नोंद लावली. ४.१. फरक ३६."

अकोला
अक्षय्य तृतीया